हिरवे तास

नवं मीटर बसलं की लोकांना पहिली शंका येते, हे जास्त पळणार. दुसरी जरा उशिरा येते, चहाचा कप रिकामा झाल्यावर: हे मीटर आमच्या घरात काय चाललंय ते बघतं का? पहिलीवर माझ्याकडे पाठ केलेलं उत्तर होतं. दुसरीवर मी म्हणायचे, तुमच्या घरात बघण्यासारखं आहे तरी काय? लोक हसायचे आणि काम पुढे सरकायचं.

माझं शिक्षण इंजिनिअरचं, नोकरी वीज कंपनीत आणि काम लोकांचं डोकं खाण्याचं. वायरमन जिन्याखालच्या पेटीतलं जुनं चाकाचं मीटर काढून नवं स्मार्ट मीटर बसवायचा आणि त्याच्या मागोमाग मी घरोघरी जाऊन वेळेनुसार दर म्हणजे काय ते समजावायचे. दुपारी उन्हाची वीज भरपूर असते, म्हणून बारा ते चार स्वस्त. सकाळी आणि संध्याकाळी सगळं शहर एकदम बटणं दाबतं, म्हणून सहा ते दहा महाग. धुणं, इस्त्री, पाणी तापवणं, जे पुढे-मागे ढकलता येईल ते दुपारी ढकला. एवढीच गोष्ट. पण समोरचा माणूस असा बघायचा, जणू मी त्याला श्वाससुद्धा दुपारीच घ्या म्हणतेय.

कंपनीची पत्रकं कोणी वाचत नसे. ती डब्यांच्या फळीवर अंथरली जायची. म्हणून मी एक युक्ती काढली होती. चिकट कागदाच्या अर्धगोल पट्ट्या घरी कापून न्यायच्या आणि ज्याच्या त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर कडेने चिकटवायच्या. बारा ते चार हिरवी, सहा ते दहा लाल. घड्याळाला दिवस-रात्र कळत नाही, पण रात्रीही बारा ते चार वीज स्वस्तच असते, त्यामुळे एका पट्टीत दोन्ही वेळा भागायच्या. जेवणाच्या टेबलावर कात्री घेऊन बसले की नवरा म्हणायचा, एवढं शिकून शेवटी हस्तकलाच.

ऐकायचं मात्र कोणीच नाही. पालथ्या घड्यावर पाणी. कार्यालयात बसून मला प्रत्येक घराचा अर्ध्या अर्ध्या तासाचा वापर पडद्यावर दिसायचा, आणि हिरव्या पट्ट्या लावलेली सगळी वस्ती संध्याकाळी पूर्वीसारखीच एकजुटीने इस्त्री करायला बसायची. साहेबांना अहवाल हवा होता, कोणी किती वापर दुपारी हलवला याचा. मी एकेक घर उघडून बघत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना नावं ठेवत होते. तेवढ्यात एक घर निघालं ज्याने माझं ऐकलं होतं. थोडंथोडकं नाही, अक्षरशः. बाराला वापर चढायचा, चारच्या आत उतरायचा. संध्याकाळी एक-दोन दिवे आणि फ्रिजची बारीक कुरकुर, बस. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या टेबलावरच्यांना उठवून तो आलेख दाखवला.

घर चष्मेवाल्यांचं होतं. बाजाराच्या मागच्या रस्त्याला त्यांचं चष्म्यांचं दुकान. पन्नाशी ओलांडलेले, किरकोळ अंगाचे, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता चष्म्याच्या दांड्यांकडे बघणारे. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण. तिला सगळी इमारत माई म्हणायची.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी सकाळी त्यांच्याकडे गेले. आदर्श ग्राहक म्हणून त्यांचा फोटो पत्रकावर छापावा, अशी साहेबांची कल्पना होती. फोटो म्हटल्यावर माई केस नीट करायला आत गेल्या. बाहेरच्या खोलीत एक पलंग, एक टेबल, भिंतीवर मी पट्ट्या लावलेलं घड्याळ आणि खिडकीजवळ एक रिकामा कोपरा, जिथे काहीतरी असायला हवं होतं असं वाटत राहायचं. दुपारची धुण्या-इस्त्रीची पद्धत कशी काय जमवलीत, असं मी विचारलं. चष्मेवाले गोंधळले. दुपारी घरी कोणीच नसतं, म्हणाले. माईही त्यांच्याबरोबर दुकानात बसायच्या, काचा पुसायच्या, गिऱ्हाइकांना पाणी द्यायच्या. धुणं सकाळी हाताने. इस्त्री कोपऱ्यावरच्या लाँड्रीत. डोळे दिवसाच्या उजेडातच तपासायचे असा चष्मेवाल्यांचा हट्ट, त्यामुळे दिवे लागायच्या आत दुकान बंद करून दोघं बरोबर घरी.

माझीच काही चूक झाली असेल, असं म्हणून मी उठले. फोटो राहिला.

चूक झाली नव्हती. कार्यालयात जाऊन परत बघितलं. फक्त दुकानाच्या सुट्ट्यांच्या दिवशी, म्हणजे दोघं घरी असताना, दुपार कोरी होती. बाकी रोज तेच.

अशा वेळी आमच्याकडे पहिला संशय शेजाऱ्यावर. चुकून किंवा मुद्दाम, त्याची वायर यांच्या मीटरवर आलेली असते. मी वायरमनला पाठवलं. हा आमचा जुना माणूस, तोंडाने फटकळ. टकलामुळे सगळे त्याला बल्ब म्हणतात आणि तो म्हणतो, पडतोय तेवढ्या उजेडात कामं करून घ्या. त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मेन स्विच पाळीपाळीने बंद करून बघितले. चष्मेवाल्यांच्या मीटरला काही फरक पडला नाही. गळती नव्हती. मीटर बदलून बघितलं, नव्यावरही तेच. मग एका दुपारी आम्ही दोघं जिन्याखाली मीटरसमोर उभे राहिलो. तिथे क्षणाक्षणाचा भार, म्हणजे त्या घडीला किती वीज ओढली जातेय ते, दिसतो.

बारा वाजून गेले आणि आकडा एकदम चढला. थोडा वेळ राहिला, तुटला, पुन्हा चढला. वायरमन डोळे बारीक करून बघत होता.

"इस्त्री आहे, मॅडम," तो म्हणाला. "तापली की तुटते, निवली की लागते. आणि मधे थांबतंय ना, तेवढाच वेळ लागतो कपडा बदलायला."

मी चष्मेवाल्यांना फोन केला. ते दुकानातून जवळजवळ धावतच आले. आम्ही तिघं वर गेलो. वायरमनने चोर पकडायच्या तयारीने बाह्या सारल्या होत्या. कुलूप जसंच्या तसं. चष्मेवाल्यांनी किल्ली घातली. त्या मीटरचा क्षणाक्षणाचा भार मी आता कार्यालयातून माझ्या फोनवर चालू करून घेतला होता, आणि किल्ली फिरायच्या आधीच तो खाली आला होता.

घरात कोणी नव्हतं. पलंगाखाली, न्हाणीघरात, गच्चीच्या दारापर्यंत बघून झालं. इस्त्री आतल्या खोलीत कपाटावर होती, वायर गुंडाळलेली, वर धुळीचा थर. वायरमनने ती उचलली आणि परत ठेवली, गार होती. मग त्याने खिडकीजवळच्या रिकाम्या कोपऱ्यातल्या सॉकेटला हाताची मागची बाजू लावली. बराच वेळ लावून ठेवली. मीही हात लावला. सॉकेट ऊन होतं.

चष्मेवाले पलंगावर बसले आणि त्यांनी आम्हाला बायकोबद्दल सांगितलं.

इमारतीत सगळ्यांना ते माहीत होतं, मलाच नव्हतं. काही वर्षांपूर्वी ती एका संध्याकाळी घरातून गेली आणि आली नाही. त्या कोपऱ्यात तिचं इस्त्रीचं टेबल होतं. ती रोज संध्याकाळी नवऱ्याचे दुसऱ्या दिवशीचे कपडे करायची. त्या दिवशी एका शर्टाची एक बाही करून झाली होती. चपला घातल्या, जरा येते म्हणाली. पोलीस झाले, फोटो चिकटवून झाले, दूरदूरच्या दवाखान्यांत जाऊन झालं. मेली म्हणावी तर काही सापडलं नाही, जिवंत म्हणावी तर काही कळलं नाही. हे सांगताना पहिल्यांदाच ते थेट माझ्याकडे बघत होते, आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

खाली उतरताना वायरमन म्हणाला, कोणाकडे तरी दुसरी किल्ली असणार. मीही तेच म्हटलं. चष्मेवाल्यांनी कुलूप बदललं. वापर बदलला नाही.

पुढे माई एकट्याच मला कार्यालयाच्या दारात भेटल्या. भावाला न सांगता आल्या होत्या. त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला त्यांनी खूप वेळ लावला. घरात विजेवरून कुरकुर असायची, ती त्यांची. भावजय संध्याकाळी इस्त्री लावून बसली की त्या रोज एक वाक्य टाकायच्या.

"वीज काय आभाळातून पडते का, असं म्हणायचे मी तिला," माई म्हणाल्या. "त्या दिवशीपण म्हटलं. तिने काही उत्तर दिलं नाही. प्लग काढला, वायर गुंडाळली, मग गेली. रागाने गेलेलं माणूस प्लग काढून ठेवेल का हो?"

आता वीज खरंच आभाळातून पडत होती, निदान दुपारची. हे मला सुचलं आणि मी ते बोलले नाही. माईंना वाटत होतं ते त्यांनीच उघड सांगितलं: तुम्ही घड्याळाला पट्टी लावलीत आणि तिला कळलं की आता या वेळात केलेलं कोणाला खुपणार नाही. म्हणून ती येते. आधीही येत असेल, कोण जाणे, पण आता बिनघोर येते.

मी विज्ञानाचा माणूस आहे. मेलेली माणसं वीज वापरत नाहीत आणि हरवलेली माणसं दरपत्रक वाचत नाहीत. पण जुन्या चाकाच्या मीटरला विचारून उपयोग नव्हता. ते महिन्याला एक आकडा द्यायचं. किती, एवढंच सांगायचं, कधी ते नाही. ती किती वर्षं अशी येत होती, की कधीच येत नव्हती, हे आता कोणीच सांगू शकलं नसतं. या विचाराने मला माईंपेक्षा जास्त अस्वस्थ केलं.

चष्मेवाल्यांची मागणी साधी होती. "तुमच्या मशीनवर दिसतं ना, ती घरी कधी असते ते? चालू झालं की मला फोन करा. एवढंच करा."

ग्राहकाला त्याच्याच घराचा वापर सांगण्यात काही गैर नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला त्यांची दया आली होती आणि उत्सुकताही होती, कमी-जास्त प्रमाणात. मी फोन करायचे. ते दुकान तसंच टाकून पळायचे. दर वेळी किल्लीआधी भार उतरलेला. एकदा ते जिन्यावरच बसून राहिले, दाराला कान लावून. आत कापडावर पाणी शिंपडल्याचा आवाज आला, म्हणाले. मग त्यांना खोकला आला आणि आवाज थांबला. घरात कॅमेरा लावा, असं वायरमनने सुचवलं तेव्हा मात्र ते चिडले. स्वतःच्या घरात चोरासारखं यावं लागतंय तिला, वर आणखी पहारा लावू?

मग ते दुपारभर घरात थांबून बघू लागले. ते घरात असले की काही नाही, फक्त फ्रिज. दुकान बुडू लागलं. ते वाळू लागले. माई रडवेल्या होऊन मला सांगायच्या की तो जेवत नाही, दारातून आत येताना आधी खाकरतो, परक्याच्या घरी यावं तसा.

एक दिवस ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले. चेहरा आनंदी होता. त्यांना तोड सुचली होती.

"हिरवी पट्टी संध्याकाळी लावा," ते म्हणाले. "सहा ते दहा. आम्ही घरी असतो तेव्हा."

मला आधी कळलंच नाही. दर कंपनी ठरवते, मी म्हटलं, पट्टी लावल्याने ते बदलत नाहीत.

"दर कोणाला बदलायचेत? तिला मीटर कुठे दिसतं? तिला घड्याळ दिसतं."

मग तुम्हीच लावा, मी म्हटलं. त्यांनी लावून बघितली होती, स्वतः कापून. काही झालं नाही. पट्टी तुमच्या हातची लागते, म्हणाले, तुमच्यावर तिचा विश्वास आहे. इतकी वर्षं मी घराघरांत जाऊन घसा कोरडा केला होता, आणि ज्याच्यावर माझा काही परिणाम झाला असं एकच गिऱ्हाईक निघालं, ते हे. मी नाही म्हणायला हवं होतं. ग्राहकाला चुकीची वेळ सांगणं हा नोकरीतला गुन्हा आहे. पण समोर एक माणूस बसला होता, त्याला फक्त आपल्या बायकोला एकदा घरात बघायचं होतं, आणि त्याच्या-तिच्यामध्ये माझ्या कात्रीने कापलेला एक कागद होता.

मी जाऊन जुन्या पट्ट्या काढल्या. सहा ते दहा हिरवी लावली. बाराच्या बाजूला काही ठेवलं नाही. माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चांगलंच होईल ना, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घराला कुलूप असूनही, त्या घराचा आलेख पहिल्यांदाच सपाट राहिला.

संध्याकाळी मी घरी भाजी चिरत होते. फोन टेबलावर होता. सहा वाजून गेल्यावर भार चढला. तुटला. चढला. मी हात पुसून चष्मेवाल्यांना फोन लावला.

त्यांनी लगेच उचलला. हळू आवाजात म्हणाले, मी आणि माई बाहेरच्या खोलीत बसलोय, दिवा लावलेला नाही.

इस्त्री चालू आहे, मी म्हटलं.

"इथे काही नाही. कोपरा रिकामा आहे."

आत्ता चालू आहे. आत्ता तुटली.

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, गरम कापडाचा वास येतोय. आणि जरा वेळाने, अगदी साध्या, घरगुती आवाजात, माझ्याशी नसलेलं एक वाक्य:

"राहू दे गं ती बाही, सावकाश कर."

फोन बंद झाला.

नंतर त्यांनी निरोप पाठवला की आता फोनची गरज नाही. दुकानात ते पुन्हा बसू लागले. दाढी केलेली, शर्टाला कडक घडी. कपडे हल्ली लाँड्रीत देत नाही वाटतं, असं वायरमनने गमतीने विचारलं तर नुसते हसले. मला बरं वाटलं. काय झालंय ते कळत नव्हतं, पण एका माणसाचं दुःख हलकं झालं होतं, आणि त्यात माझा हात होता. मी तो आलेख उघडून बघणं सोडून दिलं. अहवालात ते घर 'बदल नाही' या रकान्यात गेलं, बाकी सगळ्यांसारखं.

घड्याळाला दिवस-रात्र कळत नाही, हे मीच लोकांना सांगत फिरायचे. तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं की संध्याकाळचे सहा ते दहा हिरवे केले म्हणजे सकाळचेही सहा ते दहा हिरवे झाले.

माई आल्या त्या एका सकाळी, कार्यालय उघडायच्या आधीच पायऱ्यांवर बसल्या होत्या. पायात दोन वेगळ्या चपला. मी त्यांना आत नेलं, पाणी दिलं. त्या पाण्याकडे बघत बोलत होत्या.

संध्याकाळी भाऊ कोपऱ्याकडे तोंड करून बसायचा. बोलायचा, ऐकायचा, मान हलवायचा. माईंना काही दिसत नव्हतं, पण तो सुखात होता, म्हणून त्या आपल्या कामाला लागायच्या. मग तो सकाळीही तसाच बसू लागला. दुकान उशिरा उघडायचं, मग उघडेना. हाक मारली की ओ देई, पण जरा वेळाने, लांबच्या खोलीतून दिल्यासारखी. चहा ठेवला की तो संपलेला असे. पण पिताना तो माईंना कधी दिसला, हे त्यांना आठवेना. असं करता करता एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की तो दिसायचाच थांबला आहे. कप धुऊन पालथा घातलेला असतो. पलंगावरची चादर ताणून बसवलेली असते. आतल्या खोलीत दोघांचं हळू बोलणं चालतं, जाऊन बघावं तर कोणी नाही. दाराला रात्री कडी माईच घालतात आणि सकाळी माईच काढतात. बाहेर कोणी गेलेलं नाही.

कोणाला सांगितलं का, मी विचारलं.

"काय सांगू? घरातला माणूस घरातच हरवला म्हणून?"

माईंनी माझ्या टेबलावरच्या पडद्याकडे बोट केलं.

"तुमच्या यात दिसतं ना," त्या म्हणाल्या, "माझा भाऊ घरी कधी असतो ते? मला तेवढं सांगा. मी त्या वेळी घरी थांबेन."

मी ते घर उघडलं. माई माझ्यासमोर बसल्या होत्या, घराला कुलूप होतं, किल्ली त्यांच्या मुठीत. भार चढत होता, तुटत होता. त्यात आता इस्त्रीखेरीज दुसरंही काहीतरी होतं, छोटं, सलग, एकसारखं चालणारं. ते काय असेल ते मी वायरमनला विचारलं नाही.

पट्टी काढते, मी माईंना म्हटलं. सगळंच काढते, घड्याळ कोरं करते. त्याने काय होईल ते मला माहीत नव्हतं. पण लावली मी होती, तेव्हा काढायची मीच.

आम्ही दुपारची वाट बघितली. दुपारला आता कोणताच रंग नव्हता, म्हणून दुपारी जायचं, हे आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं. मी इंजिनिअर आहे, आणि मी असं ठरवलं. निघताना पडद्यावर बघितलं तेव्हा भार उतरला होता.

घर स्वच्छ होतं. इतकं की पाऊल टाकायला संकोच वाटावा. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि खोलीत गरम कापडाचा वास होता. टेबलावर घड्या घातलेल्या शर्टांचा गठ्ठा. माईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी आतून स्टूल आणलं. याचा एक पाय आखूड आहे, म्हणाल्या, डुगडुगतं, मी धरते. मी चढले. त्यांनी खाली बसून दोन्ही हातांनी ते धरलं.

घड्याळ नाकासमोर होतं. मी नखाने पट्टीची कड उचलायला गेले.

कड लागेना.

पुन्हा प्रयत्न केला. मग काचेवरून सावकाश बोट फिरवलं. सहापासून दहापर्यंत. काच सगळीकडे सारखी, गुळगुळीत.

पट्टी माझीच होती. टोकाला कात्री घसरून ती तिरकी कापली गेली होती, ते तिरकं टोक मला ओळखू येत होतं. फक्त ती आता काचेच्या आतल्या बाजूला होती.

आणि दहाच्या पुढेही हिरवं होतं. बारापर्यंत, बाराच्या पुढे, चारपर्यंत, तिथून सहापर्यंत. ते कागद मी कापलेले नव्हते. ते माझ्यापेक्षा नीट कापलेले होते.

काटे हिरव्यावर होते.

"निघतेय का?" माईंनी विचारलं.

घट्ट बसलीय, मी म्हटलं. माझा आवाज मला बरा वाटला. घड्याळाची कड उचकटावी लागेल.

"सुरी आणते थांबा," माई म्हणाल्या. त्यांची पावलं स्वयंपाकघराकडे गेली. खण ओढल्याचा आवाज आला, मग चमचे सारल्याचा.

मी खाली बघितलं नाही. माझ्या पायाखालचं स्टूल अजून घट्ट धरलेलं होतं.